शर्यतीचा बैल औताला



या सदरात आजवर बियाणे, खते, हुमणी, चारा, विहिरीचे पाणी अशा विषयांवर लिहीत आलो. आजचा विषय वाचून काही जण हसतील. निवृत्ती जवळ आली तसे या साहेबांचे डोके फिरले, असेही कोणी म्हणेल. म्हणोत. पण गेल्या दिवाळीत आमच्या घरी जे घडले ते पुष्कळ घरांत घडण्यासारखे आहे, म्हणून जसेच्या तसे सांगतो.

आमचे थोरले बंधू, दादा, गावी शेती पाहतात. साडेतीन एकर ऊस, थोडा भाजीपाला, चार गाई. मी नोकरीपायी तालुक्याच्या गावी असतो आणि शनिवार-रविवार घरी जातो. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद पडल्या तेव्हा दादांनी पुतण्यासाठी एक वापरलेला संगणक घेतला. पुढे पोरगा पॉलिटेक्निकला गेला आणि संगणक वहिनींच्या ताब्यात आला. वहिनी वाडीतल्या महिला बचत गटाच्या सचिव आहेत. गटात बारा बाया. कोणाची बचत किती, कोणी कर्ज किती उचलले, व्याज किती, परतफेड किती, हे सारे वहिनी आधी वहीत लिहीत आणि मग संगणकावर चढवीत. दुधाचा हिशेबही त्यावरच.

गेल्या वर्षी एक अडचण उभी राहिली. या संगणकावर विंडोज दहा होते. त्याला कंपनीकडून मिळणारी सुरक्षेची नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. काही अटींवर ती आणखी एक वर्ष, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत देऊ केली होती, पण पुढे काय हा प्रश्न उरलाच. दुरुस्ती थांबली म्हणजे यंत्र बंद पडत नाही. बांधाला भगदाड पडले तर बुजवायला कोणी येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. विंडोज अकरा घालावे तर ते जुन्या यंत्रांवर रीतसर चढत नाही. दुकानदाराने सांगितले, नवा घ्या, अडतीस हजार पडतील. इकडे दादांना ठिबकच्या नळ्या बदलायच्या होत्या. अडतीस हजार ऐकून ते उठूनच गेले.

दिवाळीच्या सुटीत पुतण्या आला. त्याने एका रात्रीत विंडोज पुसून संगणकावर 'बझाईट' नावाची लिनक्स यंत्रणा घातली. ही यंत्रणा मुळात खेळ खेळण्यासाठी सजवलेली. पैसा एक लागला नाही. पोराला खेळ मिळाले, यंत्र पळू लागले, सगळे खूश. चार दिवसांनी वहिनी गटाचा हिशेब लिहायला बसल्या आणि हाक मारली, "आरं, माझी फाईल कुठाय?"

फाईल नव्हती. पोराने आपले फोटो जपून काढून ठेवले होते, आईची फाईल काढायची राहिली होती. त्याचे तोंड उतरले. वहिनींनी वही आणली. पण संगणक हाताशी आल्यापासून वहीचा आळस झाला होता. जुलैपासूनच्या चार महिन्यांच्या नोंदी वहीत नव्हत्याच.

वहिनींनी काही लपवले नाही. बारा बायांना बोलावले, झाले ते सांगितले आणि प्रत्येकीचे पासबुक मागून घेतले. बँकेचे पुस्तक समोर ठेवून दोन रात्री बसून चार महिने पुन्हा मांडले. दीडशे रुपयांचा मेळ काही बसेना. ते वहिनींनी पदरचे टाकले. कोणी मागितले नव्हते.

दादा मात्र संतापले. मला म्हणाले, "आरं, शर्यतीचा बैल कुणी औताला जुंपतो का? खेळायची पेटी ती. तिच्यावर बायकांच्या पैशाचा हिशेब ठेवायचा व्हय? पैलं हुतं तसं करून द्यायला सांग त्याला." पोरगा म्हणाला, "काका, चूक माझी आहे, यंत्रणेची नाही." मला दोघांचेही पटत होते. मी म्हणालो, संक्रांतीपर्यंत थांबा, मी स्वतः या पेटीवर काम करून पाहतो. चालली तर चालली, नाहीतर पुसून टाकू. पुढचे अडीच महिने दर आठवड्याला मी तिच्यावर बसलो. हा लेखही तिच्यावरच लिहिला आहे.

आता ही पेटी म्हणजे काय ते पाहू. विंडोज काय किंवा लिनक्स काय, हे संगणकाचे कारभारी. पडदा, कळफलक, प्रिंटर, साठवण या सगळ्यांकडून काम करवून घेणारे. लिनक्सचा गाभा १९९१ साली फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिला आणि जगाला मोकळा दिला. पुढे त्यावर अनेकांनी आपापल्या यंत्रणा उभ्या केल्या. लिनक्सवर खेळ मात्र फारसे चालत नसत, कारण खेळ बनवणारे ते विंडोजसाठी बनवत.

अमेरिकेत बेलव्ह्यू येथे वाल्व्ह नावाची खेळांची कंपनी आहे. आपला सगळा धंदा दुसऱ्याच्या विंडोजवर उभा, हे तिला धोक्याचे वाटले. तिने २०१३ साली स्टीम ओएस ही लिनक्सवरची यंत्रणा काढली. २०१८ साली 'प्रोटॉन' आणले. विंडोजसाठी केलेला खेळ लिनक्सवर चालवणारा हा जणू दुभाष्याच. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'स्टीम डेक' हे हातात धरून खेळायचे यंत्र बाजारात आले. त्यात एक खुबी आहे. बटण दाबून 'डेस्कटॉप' निवडला की ते साध्या संगणकासारखे वागते, आणि पडदा व कळफलक जोडला तर त्यावर पत्रही लिहिता येते. पुढे काही स्वयंसेवकांनी, वाल्व्ह कंपनीशी संबंध नसताना, फेडोरा या लिनक्सच्या पायावर साध्या संगणकांसाठी असेच काही तयार केले आणि २०२३ साली लोकांपुढे ठेवले. तेच हे बझाईट.

याची एक गोष्ट मला शेतकी खात्याचा माणूस म्हणून फार आवडली. आपण प्रमाणित बियाण्याची पिशवी घेतो ती सीलबंद असते. तिच्यात आपण घरचे मूठभर बी मिसळत नाही. बदलायची तर आख्खी पिशवी बदलतो. बझाईटची मूळ यंत्रणा तशीच सीलबंद आहे. वापरणाऱ्याच्या हातून चुकून तिच्यातले काही सहसा मोडत नाही. सुधारणा आली की नवी यंत्रणा जुनीच्या शेजारी तयार होते आणि संगणक बंद करून पुन्हा चालू केला की अमलात येते. जुनीही ठेवलेली असते. नवी बिघडलेली निघाली तर चालू करताना यादीतून आधीची निवडावी. पहिली उगवण फसली तर घरात दुसरी पिशवी आहे, असे समजा.

याचा खेड्यात एक मोठा फायदा आहे. आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही. सुधारणा उतरत असताना आमच्याकडे दोन वेळा लाईट गेली. चालू यंत्रणेला हात लागलेला नसल्याने काही बिघडले नाही. लाईट आल्यावर काम पुढे सुरू झाले.

कामाचे म्हणाल तर, रोजची बहुतेक कामे नीट झाली. 'लिब्रे ऑफिस' हा हिशेबाचा आणि लिखाणाचा संच यंत्रणेतल्या अॅपच्या दुकानातून फुकट उतरवला. वहिनींच्या गटाचे तक्ते त्यात मांडले. बेरजा, व्याज, शिल्लक आपोआप निघते. दुसऱ्याने पाठवलेल्या वर्ड आणि एक्सेलच्या फायली उघडतात. कधी ओळी किंवा चौकटी थोड्या सरकतात, म्हणून कोणाला काही पाठवताना पीडीएफ करून पाठवावे. सातबारा पाहणे, सरकारी योजनेचा अर्ज भरणे, बँकेचे खाते पाहणे, ही कामे फायरफॉक्समधून होतात. मराठीसाठी कळफलकाच्या मांडणीत 'मराठी' जोडले. ऑफिसात इन्स्क्रिप्ट शिकलो होतो, तेच बोटांना इथेही सापडले.

दुधाच्या तक्त्याची गोष्ट सांगण्याजोगी आहे. वहिनींनी प्रत्येक गाईचे सकाळ-संध्याकाळचे दूध आणि तिला घातलेले खुराकाचे किलो शेजारी शेजारी लिहिले. महिनाअखेर दिसले की मोरी गाय दिवसाला चारच लिटर देते, गाभणही नाही, आणि खुराक मात्र दहा लिटरच्या गाईइतका, पाच किलो खाते. गाईला शरीरपोषणासाठी एक-दीड किलो आणि दर अडीच-तीन लिटर दुधामागे एक किलो, हा आपला साधा हिशेब. त्याप्रमाणे मोरीला तीन किलो पुरे. रोजचे दोन किलो म्हणजे महिन्याला साठ किलो. पन्नास किलोच्या पोत्यापेक्षा जास्त. दूध उतरले नाही. दादा हे ऐकून काही बोलले नाहीत, पण पोते त्यांनी स्वतः मोजले.

आता जे जमले नाही तेही सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख जाहिरात होईल.

पहिले, आमचा जुना प्रिंटर चालला नाही. नवे प्रिंटर बहुधा आपोआप ओळखले जातात. काही जुन्यांना मात्र त्यांच्या कंपनीचा वेगळा प्रोग्राम लागतो आणि सीलबंद यंत्रणेत तो घालणे अवघड जाते. आम्ही पीडीएफ मोबाईलवर घेऊन गावातल्या सेवा केंद्रात छापतो.

दुसरे, टॅली हा हिशेबाचा प्रोग्राम विंडोजसाठी आहे. ज्या सोसायटीचे किंवा शेतकरी कंपनीचे काम टॅलीवर चालते त्यांनी या वाटेला जाऊ नये. डिजिटल सहीचे टोकन आणि अंगठ्याचे यंत्र यांचेही तसेच. त्यांचे प्रोग्राम बहुतेक विंडोज धरून केलेले असतात. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी आपला विंडोज संगणक मोडू नये.

तिसरे, जुन्या मराठी फाँटमध्ये टाईप केलेली पत्रे उघडल्यावर अक्षरांचा काला दिसतो. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावीत.

चौथे, खेळही सगळे चालत नाहीत. काही ऑनलाईन मारधाडीच्या खेळांत लबाडी पकडणारा पहारेकरी बसवलेला असतो आणि तो लिनक्सला दारातच अडवतो. पुतण्याचा एक आवडता खेळ असाच गेला. हे पोरांना आधी सांगावे.

पाचवे, खेळ जागा फार खातात. एकेक खेळ शंभर जीबीपर्यंत जातो. डिसेंबरात एके दिवशी वहिनींचा तक्ता साठवला जाईना. पाहतो तर खेळांनी कोठार भरलेले. दोन खेळ काढले तेव्हा काम सुरू झाले. त्या दिवसापासून घरात नियम केला की पाव कोठार कायम रिकामे ठेवायचे.

सहावे, यंत्रणा आणि तिच्या सुधारणा आकाराने मोठ्या असतात. मोबाईलच्या इंटरनेटवर संगणक चालवत असाल तर दिवसाचा डेटा त्यातच संपेल. पहिली उतरण तरी चांगल्या जोडणीवर, शहरात किंवा कॉलेजात करून पेनड्राइव्हवर आणावी.

आता दादांच्या प्रश्नाकडे वळतो. शर्यतीचा बैल औताला चालतो का? या बाबतीत चालतो. शर्यतीचा बैल औताला जुंपला तर त्याचा वेग जातो. संगणकाचे तसे नाही. रात्री पोराने खेळ खेळला म्हणून सकाळी बेरीज चुकत नाही. उलट खेळ पेलणाऱ्या यंत्राला हिशेबाचे ओझे म्हणजे बैलाच्या पाठीवर चिमणी. पण घरात खेळणारे कोणी नसेल तर बझाईटच घाला असे मी म्हणणार नाही. लिनक्स मिंट किंवा उबुंटूसारखी साधी लिनक्स पुरेशी आहे, आणि जुना प्रिंटर चालवायला तिथे खटपटीला जास्त वाव असतो. ज्या घरात एकच यंत्र आहे, पोराला खेळ हवेत आणि आईला हिशेब हवा, त्या घरासाठी ही सोय आहे.

करायचे ठरवले तर क्रम असा ठेवावा.

आधी विंडोजवरच लिब्रे ऑफिस आणि फायरफॉक्स घालून एक महिना सगळे काम त्यांतच करावे. ती दोन्ही विंडोजवरही फुकट मिळतात. जे अडेल ते कागदावर टिपावे. महिनाभर काही अडले नाही तरच पुढचे पाऊल टाकावे.

मग घरातल्या प्रत्येकाला विचारून ज्याच्या त्याच्या फायली पेनड्राइव्हवर काढाव्यात, आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकात लावून फायली खरोखर उघडतात का ते पाहावे. विंडोज त्यानंतरच पुसावे. आमच्याकडे हेच उलटे झाले.

बझाईटचे प्रकार बरेच आहेत. काही चालू करताच थेट खेळांच्या पडद्यात जातात, ते टीव्हीला जोडण्यासाठी किंवा हातातल्या यंत्रासाठी. हिशेबाच्या घराने डेस्कटॉपचा प्रकार निवडावा. आईचे आणि पोराचे खाते वेगळे करावे, दोघांचे पासवर्ड वेगळे ठेवावेत. लिब्रे ऑफिस दर दहा मिनिटांनी आपणहून टिपण ठेवते, ते दोन मिनिटांवर आणावे, म्हणजे लाईट गेल्यावर फार लिहिलेले जात नाही. तरीही मधूनमधून साठवण्याची सवय सोडू नये.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यासाठी हा सारा लेख लिहिला. यंत्रणा मागे फिरवता येते हे वर सांगितले. पण ती फिरते तेव्हा तुमची पुसलेली फाईल परत येत नाही. बिघडलेली यंत्रणा मागे नेता येते, बुडालेला हिशेब नाही. विंडोज असो, बझाईट असो किंवा अडतीस हजारांचा नवा संगणक असो, डिस्क एक दिवस बंद पडणारच. म्हणून हिशेब तीन ठिकाणी हवा. एक संगणकात, एक पेनड्राइव्हवर आणि एक वहीत. पेनड्राइव्ह संगणकाला लावून ठेवू नये. कपाटात, पासबुकांशेजारी ठेवावा. बचत गटाचा पैसा हा आपला पैसा नसतो. बारा घरांनी तो आपल्या विश्वासावर ठेवलेला असतो. वहिनींची अब्रू त्या चार महिन्यांत वाचली ती बायांच्या पासबुकांनी, संगणकाने नव्हे.

संक्रांतीला गटाची बैठक आमच्या सोप्यात झाली. वहिनींनी तक्ता वाचून दाखवला, प्रत्येकीने आपल्या पासबुकाशी ताडून पाहिला. सगळ्यांचे जुळले. तेव्हाच एका आजीच्या पासबुकात दीडशे रुपयांची ऑगस्टची नोंद सापडली. दोन पाने चिकटली होती. वहिनींचे पैसे त्यांना परत मिळाले आणि वर तिळगूळ मिळाला.

पेटी राहिली. दादांनी ठिबकच्या नळ्या घेतल्या. ते अजून पेटीला हात लावत नाहीत. पण दर महिन्याच्या एक तारखेला गोठ्यातूनच ओरडून विचारतात, "पेनड्राइव्ह काढला का गं? आन् वही?"

पुढील अंकी खोडव्याच्या पाचटाविषयी.